डाव्या खणातले अर्ज

प्रश्नावली अकरा पानांची होती आणि तिचा शेवटचा प्रश्न मला झोपेतसुद्धा म्हणता आला असता. 'तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?' खाली पाच चौकटी, पूर्ण समाधानीपासून पूर्ण असमाधानीपर्यंत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली काही गावं मला नेमून दिली होती आणि त्या गावांतली घरं मतदारयादीवरून चिठ्ठ्या टाकून काढली होती. यादीतलं घर बंद असलं तर शेजारचं घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत जायचं. पुण्यातल्या संस्थेत टेबलावर बसून हा नियम अगदी रास्त वाटला होता. दुपारी एसटीतून उतरून दोन मैल चालत जावं आणि दाराला कुलूप दिसावं, असं चारपाच वेळा झालं तेव्हा त्याची खरी ओळख पटली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लोकप्रशासनात एम.ए. करून मी दोन वर्षं घरीच होते. घर म्हणजे दौंडचं रेल्वे क्वार्टर. वडील रेल्वेत फिटर. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेला या भागातली, सायकल चालवता येणारी आणि गावात एकटी जायला न घाबरणारी मुलगी हवी होती, म्हणून मला ते काम मिळालं. अभ्यासाचा विषय साधा होता. माणसाला रेशनकार्डासारखा एक साधा कागद मिळवायला तहसीलीत किती हेलपाटे घालावे लागतात, ते का, आणि ते कमी कसे करता येतील. शेवटी सरकारला शिफारशी द्यायच्या होत्या. रेशनकार्डांचे रंग तेव्हा नुकतेच बदलायला घेतले होते, त्यामुळे जो तो तहसीलीच्या वाटेवर होता आणि विषयाला ताजेपणा होता. मलाही होता, पहिले दोन महिने.

कवठे येमाईतला एक दिवस आठवतो. यादीतलं घर गावाबाहेर मळ्यात होतं. सत्तरीकडे झुकलेले एक आजोबा ओसरीत शेवंतीच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आम्ही बौद्ध, आणि या भागात आडनावावरून ते लगेच कळतं. मग आत हाक मारून त्यांनी पाणी मागवलं. पाणी आलं, स्टीलच्या पेल्यात, नीट. मुलाखत घेणाऱ्याने तटस्थ असावं असं आम्हाला शिकवलं होतं. ते आडनावासकट कसं जमवायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

अकरा पानं संपत आली तेव्हा मी शेवटचा प्रश्न विचारला.

"ताई, तुमी तहसीलीतून आलाय का?"

"नाही आबा. पुण्याच्या संस्थेतून आलेय. अभ्यास चाललाय आमचा."

"आन् झाल्यावं कुनाला द्यायचा हा आभ्यास?"

"सरकारला."

"मग समाधानी लिवा."

"आबा, आत्ताच म्हणालात ना, कार्डासाठी पाचसात वेळा जावं लागलं?"

"गेलो आसंल की. पर उद्या परत त्याच दारात जायचंय मला. तुमी पुन्याला जाल." त्यांनी जुडीला सुतळीची गाठ मारली. "समाधानी लिवा. पूर्न समाधानी लिवलं तरी चालंल."

मी 'समाधानी'वर खूण केली.

कासुर्डीला उलटं झालं. तिथल्या बौद्ध वस्तीत एका बाईंनी मला आडनाव विचारलं आणि त्या एकदम मोकळ्या झाल्या. मला अगंतुगं करायला लागल्या, चहा टाकला, आणि कोण किती वेळा गेलं, कुणाला काय बोललं गेलं, कुणाचा अर्ज कुठं हरवला, सगळं तासभर सांगितलं. मी भराभर लिहीत होते. उठताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ह्यातलं काय लिवू नको हां बाय. आपली म्हनून सांगितलं तुला."

बसस्टॉपवर उभी राहून मी पानं पुन्हा वाचली. आता त्यांचं काय करायचं, ते मला कळेना. ज्यांनी लिहून घेऊ दिलं त्यांनी खरं सांगितलं नव्हतं, आणि जिने खरं सांगितलं तिने लिहू नको म्हटलं होतं.

पुण्याला मी पहाटेच्या शटल रेल्वेने जायची. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या होत्या, खादीची साडी नेसायच्या आणि भरलेल्या प्रश्नावल्या वाचताना पेन्सिलीचं टोक टेबलावर आपटत राहायच्या. गठ्ठा संपवून त्या म्हणाल्या, "इतके समाधानी लोक मी आयुष्यात पाहिले नाहीत."

मी कवठ्याच्या आजोबांचं बोलणं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "विचारून होत नसेल तर बघावं लागेल," म्हणाल्या. "उद्यापासून कार्यालयात जाऊन बस. काही विचारू नकोस. कागद कुठून आला, कुणाच्या टेबलावर गेला, किती दिवस पडला, माणसाला काय सांगितलं, एवढंच लिही."

असं मी एका कार्यालयात बसायला लागले. दोन तालुक्यांपैकी कोणत्या, ते लिहीत नाही. रीतसर परवानगीचं पत्र होतं. पुरवठा शाखेत लोखंडी कपाटाशेजारी मला एक खुर्ची मिळाली, तिचा एक हात मोडलेला होता. पहिले आठदहा दिवस सगळे जपून बोलायचे. माझ्याकडे पाहून एक शिपाई लोकांना चक्क 'बसा ना' म्हणायचा. मग हळूहळू मी कपाटासारखीच झाले. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी माझ्या खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला, तेव्हा मला वाटलं, आता खरं काम सुरू झालं.

बसून पाहण्याचं काम थकवणारं असतं. दिवसभर लोक येतात, उभे राहतात, परत जातात. साहेब दौऱ्यावर आहेत. तलाठ्याचा दाखला आणा. दुकानदाराची सही राहिली. या कागदावर तिकीट लावा. माणूस मान डोलावतो आणि दाराबाहेर जाऊन कुणाला तरी विचारतो, काय म्हणाले हो ते? मी वही भरत होते. आठवडाभर भरल्यावर रविवारी घरी आई काही विचारायची तर उत्तर द्यायचंही जिवावर यायचं.

त्या शाखेत एक अव्वल कारकून होते. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही म्हणायची. पन्नाशी ओलांडलेले, आवाज बसका, चेहऱ्यावर कायम कंटाळा. पहिल्या दिवसापासून मी त्यांना जरा आखडूच समजत होते. ते कुणाशी गोड बोलत नसत. पण माझ्या वहीत एक गोष्ट दिसायला लागली. त्यांच्या टेबलाकडे गेलेली माणसं पुन्हा येत नव्हती. बाकीच्या टेबलांवरची तीच तीच माणसं मला तोंडओळखीने माहीत झाली होती.

मग मी त्यांच्याकडेच बघत राहिले. कागद अपुरे असलेला अर्ज आला की नियम असा होता की तो त्रुटी दाखवून परत करायचा. आवक रजिस्टरला घेतला तर ठरलेल्या मुदतीत निकाली काढावा लागे, आणि कागद अपुरे म्हणून तो नामंजूरच व्हायचा. भाऊसाहेब तो परत करत नसत आणि रजिस्टरलाही घेत नसत. टेबलाच्या डाव्या खणात ठेवत. एका चिठ्ठीवर काय कमी आहे ते लिहून अर्जाला टाचणीने लावत. संध्याकाळी ते आपल्या एम-एटी गाडीवरून घरी जायला निघाले की खणातले चारपाच अर्ज पिशवीत टाकत. वाटेवरच्या गावांतल्या तलाठ्यांना गाठून दाखले घेत, रेशन दुकानदाराच्या सह्या घेत. कागद पुरे झाले की मगच अर्ज रजिस्टरला चढायचा, आणि चढला की आठवड्यात कार्ड. ज्याला सात हेलपाटे पडले असते त्याचं दोनांत भागत होतं.

त्या खणात एका मावशींचा अर्ज होता. साठीच्या, विधवा. मुलासुनेपासून वेगळ्या झाल्या होत्या, त्याच घराच्या मागच्या पडवीत राहत होत्या. त्यांना वेगळं कार्ड हवं होतं. पण त्यासाठी आधी जुन्या कार्डावरून त्यांचं नाव कमी व्हायला हवं, आणि जुनं कार्ड मुलाकडे. तो देत नव्हता.

"कार्ड द्यायला न्हाई म्हनतो ओ," मावशी टेबलाशी उभ्या राहून सांगत होत्या. "म्हनतो, गावात इज्जत जाती. आन् मला घासलेट कोन देनार? आन्न शिजवायचं कशावं?"

भाऊसाहेबांनी वर न बघता विचारलं, "चूल वेगळी आहे का?"

"हाय की."

"पडवीतच?"

"व्हय. तीन धोंडं मांडल्यात."

"मग जावा. तलाठ्याला पाठवतो पंचनाम्याला. चूल वेगळी दिसली की जुन्या कार्डाची गरज नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली, टाचणी लावली, डावा खण उघडला. "परत येऊ नका. मी निरोप देतो."

मावशी दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "परत येऊ नको म्हनला न्हवं?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

दुपारच्या सुट्टीत भाऊसाहेब डबा उघडून बसले असताना मी त्यांना विचारलं, हे खणाचं मला लिहायचंय, लिहू का. अभ्यासात ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची संमती घ्यावी लागते आणि ती मी नीट घेतली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"नाव येणार का?"

"नाही. तुमचं नाही, गावाचं नाही, तालुक्याचं नाही. 'एका कार्यालयातले एक कर्मचारी' एवढंच."

त्यांनी तुकडा कालवणात बुडवला. "मग लिहा. सव्वीस वर्षं झाली, कुणी विचारलं नाही काय करतो म्हणून." आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी लिहिलं. चार पानं झाली. मॅडमनी ती वाचली तेव्हा पेन्सिल आपटली नाही. त्यांनी मला बाहेर नेऊन कॉफी पाजली आणि म्हणाल्या, सगळ्या अहवालात एवढाच भाग वाचण्यासारखा आहे. त्यांनी त्याला शिफारशीचं रूप दिलं: अपुरे अर्ज परत न करता कार्यालयानेच पाठपुरावा करावा, ही पद्धत सगळीकडे लागू करावी. मला फार आनंद झाला होता.

अहवालाचा मसुदा पुण्यात एका बैठकीत मांडला. महसूल खात्यातले दहाबारा अधिकारी होते. मॅडम बोलत होत्या, मी मागच्या रांगेत बसले होते. खणाची गोष्ट आली तेव्हा दोघातिघांनी माना डोलावल्या. एका अधिकाऱ्यांनी हात वर केला. ते अतिशय सभ्यपणे बोलत होते.

"म्हणजे नागरिकांचे अर्ज आवक रजिस्टरला न घेता टेबलाच्या खणात ठेवले जातात?"

"त्यामागचा हेतू बघा ना," मॅडम म्हणाल्या.

"हेतू उत्तमच. पण उद्या त्यातला एखादा अर्ज गहाळ झाला तर त्या माणसाने अर्ज केला होता याला पुरावा काय? हे कोणतं कार्यालय?"

"ते सांगता येणार नाही. आम्ही शब्द दिलेला आहे."

अधिकारी हसले. "मॅडम, मुखपृष्ठावर दोनच तालुके आहेत."

बैठकीत पुढे चहा आला, बिस्किटं आली. मी आणि मॅडमनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी मी कार्यालयात गेले तेव्हा भाऊसाहेबांच्या खुर्चीवर एक तरुण कारकून होते. शिपायाने मला बाहेर नेऊन सांगितलं. वरून तपासणी आली होती. डावा खण सगळ्यांसमोर उघडला, अर्ज मोजले, यादी केली. भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अभिलेख कक्षात. खणातले अर्ज गठ्ठा बांधून, लाखेचं सील लावून चौकशीसाठी ठेवले होते. त्या गठ्ठ्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं.

"तुमच्यामुळं झालं म्हणतात," शिपाई म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला माहीत असावं म्हणून त्याने सांगितलं.

त्याच दिवशी मावशी आल्या. निरोपाची वाट बघून बघून आल्या होत्या. "भाऊसायेब कुठं हायती?" त्यांनी नव्या कारकुनांना विचारलं.

"अर्ज कधी दिला होता? पोच दाखवा."

"पोच म्हंजी?"

"अर्ज दिल्याची पावती. रजिस्टरला नाव नाही तुमचं."

मी पुढे झाले. म्हटलं, यांनी अर्ज दिलेला मी स्वतः पाहिलाय. माझ्या वहीत नोंद होती, तारीख होती, काय बोलणं झालं तेही होतं. मी ते पान उघडून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, खरंच वाचलं, आणि वही माझ्याकडे सरकवली.

"ताई, हे सरकारी रजिस्टर आहे का?"

नव्हतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. मावशींनी दुसऱ्यांदा अर्ज केला. मी तो लिहून दिला, आवक केला, पोच घेतली. कागद अपुरे म्हणून चार दिवसांनी तो परत आला.

भाऊसाहेबांच्या घरी जायला मला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या रविवारी गेले. ते बनियनवर, दारात बसून एम-एटीचा प्लग साफ करत होते. त्यांनी मला आत बोलावलं. बायकोने चहा आणला आणि तिथेच उभी राहिली, गेली नाही.

मी आधीच ठरवून आणलेलं बोलले. माफी मागितली. नाव कुठेही नव्हतं, तालुकासुद्धा नव्हता, असं म्हणाले आणि बोलता बोलताच मला ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"नाव नव्हतंच," ते म्हणाले. "वाचलं मी. मला दाखवलं चौकशीत. चांगलं लिहिलंय तुम्ही." मग म्हणाले, "खोटं लिहिलं असतंत तर 'हे मी केलं नाही' असं तरी म्हणता आलं असतं मला."

"ह्यांना रोज एसटीचे चार तास झालेत आता," बायको म्हणाली. "जाऊन येऊन."

"अगं, असू दे."

"असू दे काय? सव्वीस वर्षं केलं ते केलं, कुणाला सांगायची काय गरज होती? मी तेव्हाच म्हटलं होतं." ती मला म्हणत होती की त्यांना, ते कळलं नाही. बहुधा दोघांनाही.

मी विचारलं, मी काही लिहून देऊ का, चौकशीत साक्ष देऊ का. भाऊसाहेबांनी प्लग फडक्यावर ठेवला. "नको. तुम्ही आता काही लिहू नका," म्हणाले. मग माझा चेहरा पाहून असेल, हलक्या आवाजात विचारलं, "त्या पडवीतल्या बाईंचं झालं का?"

"नाही."

"तलाठ्याला भेटा. सोमवारी बाजारच्या दिवशी चावडीवर असतो. बाकीच्या दिवशी सापडायचा नाही."

सोमवारी मी मावशींबरोबर चावडीवर गेले. हे माझ्या कामात बसत नव्हतं. पाहणाऱ्याने पाहावं, हात घालू नये, अशी शिस्त होती. मी मॅडमना कळवलंसुद्धा नाही. तलाठी भेटले, या गुरुवारी येतो म्हणाले, आले पुढच्या मंगळवारी. बरोबर दोन पंच. पडवीत वाकून त्यांनी आत पाहिलं.

"चूल कुठाय?"

तीन धोंडे होते. पण राख नव्हती. स्टोला घासलेट मिळत नव्हतं, सरपण गोळा करायला मावशींचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून दोन महिने त्या शेजारणीकडे जेवत होत्या. वेगळं कार्ड नाही म्हणून चूल पेटत नव्हती, आणि चूल पेटलेली दिसत नाही म्हणून वेगळं कार्ड मिळत नव्हतं.

"ही काय चालती चूल नाही," तलाठी म्हणाले. "असं लिहिलं तर वर मलाच विचारतील."

मी त्यांना म्हटलं, दहा मिनिटं थांबा. शेजारणीला सांगितलं. तिने काय समजायचं ते समजून चार गोवऱ्या, थोड्या तुराट्या आणि तवा आणला. मी स्वतः फुंकून चूल पेटवली. डोळ्यांत धूर गेला. मावशींनी पीठ मळलं आणि पहिली भाकरी गोल पडली. पडवीच्या दाराशी मुलगा येऊन उभा राहिला. तो चाळिशीतला असेल. त्याने आईकडे पाहिलं, तलाठ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा भांडणार.

"मला आधीच सांगितलं आसतं तर सरपान दिलं आसतं," तो म्हणाला आणि निघून गेला. मावशी भाकरी उलटत राहिल्या, वर पाहिलं नाही.

तलाठ्यांनी पंचनामा लिहिला. 'समक्ष पाहता अर्जदाराची चूल स्वतंत्र असून पेटती आढळली.' पंचांच्या सह्या झाल्या. मावशींनी प्रत्येक पंचाला भाकरीचा तुकडा दिला, मलाही दिला. तो खाताना मी पहिल्यांदा हिशेब सोडून दिला की हे निरीक्षण आहे की काय आहे.

कार्ड उन्हाळ्यात मिळालं. केशरी. माझ्या वहीत मावशींच्या नावापुढे अकरा हेलपाट्यांच्या खुणा होत्या. अभ्यासातला तो सगळ्यात मोठा आकडा होता आणि तो माझ्यामुळे झाला होता. मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने त्या खुणा मोजल्या. मग म्हणाल्या, ही नोंद आपल्याला वापरता येणार नाही, तू त्यात आहेस. बरोबर होतं. ती वगळली. खणाची चार पानंही अंतिम अहवालातून काढली. तशी विनंती मीच केली, आणि मॅडमनी ती काढली. उशीर झाला होता, पण तरी. अहवाल नीटनेटका छापला गेला. त्याच्या मुख्य शिफारशींत एक होती: प्रत्येक अर्जाची पोच द्यावी. ती सरकारने मान्य केली. पुढे गुलाबी कागदावर छापील पोच मिळायला लागली, आणि लोक ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेवढेच हेलपाटे घालायला लागले.

मी त्या कामात आणखी बरीच वर्षं राहिले. अंगणवाड्या पाहिल्या, ग्रामसभा पाहिल्या, पाणीयोजना पाहिल्या. एक सवय लावून घेतली की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं. बहुतेक वेळा माणूस ऐकून म्हणायचा, हे जरा काढा. मी काढायची. पुष्कळदा तेच लिहिण्यासारखं असायचं. आता मी मुलांना संशोधनपद्धती शिकवते. नमुना कसा काढावा, प्रश्न कसा विचारावा हे शिकवताना आवाज ठीक असतो. संमतीच्या धड्याला आल्यावर मला मध्येच पाणी प्यावंसं वाटतं. मुलं वहीत काहीतरी लिहून घेतात.

भाऊसाहेब मला नंतर एकदाच भेटले, सातआठ वर्षांनी, केडगाव स्टेशनवर. त्यांची मुलगी तिथे दिली होती, तिच्याकडे आले होते. निवृत्त झाले होते, वाळले होते, पण बरे दिसत होते. त्यांनीच मला ओळखलं. चौकशीत काही निघालं नाही म्हणाले, ठपका ठेवून सोडून दिलं. पेन्शनला अडचण आली नाही. मला ते ऐकून हायसं वाटलं आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

"गावात आता लोक येत असतील ना तुमच्याकडे," मी म्हटलं. "फॉर्म भरून घ्यायला, विचारायला."

"येतात." ते रुळांकडे पाहत होते. "चष्मा नाही, वाचता येत नाही म्हणून सांगतो."

त्यांनीच विषय बदलला, वडील कसे आहेत विचारलं, क्वार्टर सोडलं का विचारलं. मग म्हणाले, "तुमचं अजून तेच चाललंय का? प्रश्न विचारायचं?"

"हो. तेच."

"उत्तरं देतात का लोक?"

"देतात," मी म्हटलं. "समाधानी म्हणतात."

ते खोकल्यासारखं हसले. शटल आली. गर्दी होती. त्यांना उलट्या बाजूला जायचं होतं, पण मी चढेपर्यंत ते माझी पिशवी धरून उभे राहिले आणि मग ती खिडकीतून आत दिली.